राजापूर ते राजापूर: एका डॉक्युमेंट्रीचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. कोकणातल्या राजापूरच्या एका माणसाने स्वतःच्या गावावर डॉक्युमेंट्री केली, अर्धी खरी, अर्धी मनची, आणि गावात दाखवल्यावर भांडण झालं ते भलत्याच गोष्टीवरून. ज्या सीनला लोक उठून जातील असं आम्ही धरून चाललो होतो ते लोकांनी आरामात घेतले, ज्या गोष्टी शंभर टक्के खऱ्या त्या थापा ठरल्या, आणि एक छोटीशी खोटी गोष्ट सगळ्यांनी खरी मानली आणि त्यावरून दोन भावांच्या घरांचं येणंजाणं बंद पडायची वेळ आली. मी या फिल्मचा साउंड केलाय, एडिटलाही बसलो होतो, त्यामुळे मी काही तटस्थ बिटस्थ नाही, पण सगळं जवळून बघितलंय. नावं कुणाचीच देत नाही, घरातला मामला आहे.

डायरेक्टर आता पन्नाशीत आहे. मुंबईत सिरियलींचं एडिटिंग करून पोट भरतो, वडील एसटीत कंडक्टर होते, ते वारले, आई गावच्या घरात एकटी. घर बाजारपेठेच्या अंगाला, कोदवली नदीपासून फार लांब नाही. राजापूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या, दोन्ही भरल्या की जवाहर चौकात पाणी, आणि हे इतकं नेहमीचं की दुकानदार माल वर चढवतात, पाणी उतरलं की गाळ काढतात, शटर वर, धंदा चालू. तर या घराच्या पुढच्या दाराच्या चौकटीवर वडिलांनी दोन प्रकारच्या रेघा मारून ठेवलेल्या. पोरांची उंची पेन्सिलीने, पुराच्या पाण्याची उंची खिळ्याने कोरून, बाजूला साल. आता झालंय असं की खालच्या बाजूच्या, म्हणजे पोरं लहान असतानाच्या पेन्सिलीच्या रेघा पुराने धुऊन नेल्यात, कोरलेल्या पुराच्या तेवढ्या राहिल्यात. म्हणजे त्या चौकटीवर बघाल तर हा माणूस थेट नववी-दहावीतच जन्माला आलेला दिसतो. फिल्म सुचली ती इथून, असं तो सांगतो, आणि मला ते पटतं, कारण पूर्ण फिल्ममधला सगळ्यात भारी शॉट तोच आहे. काही केलेलं नाही त्यात, चौकटीवरून हात फिरतोय बस.

पण पहिला कट बघितला तेव्हा मी कपाळाला हात लावला. ड्रोन, नदी, धूतपापेश्वराचा धबधबा, आंब्याची पेटी, म्हातारीचे हात, मागे बासरी. पर्यटनाची जाहिरात. त्यालाही कळत होतं, सिरियलीत राहून इतकी वर्षं झाली तरी नजर मेलेली नाही त्याची. अडचण अशी की त्याला गाव दाखवायचं नव्हतंच, गावातून सुटता का येत नाही ते दाखवायचं होतं. मुंबईत स्वतःचा फ्लॅट आहे, पोरं तिथेच शिकली, तरी रात्री स्वप्न पडतं ते राजापूरच्या स्टँडचंच.

मग त्याने मला कॅनडातल्या गाय मॅडिनची ‘माय विनिपेग’ दाखवली, २००७ ची. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: हा माणूस आपलं विनिपेग शहर सोडून चाललाय, रेल्वेच्या डब्यात डुलक्या खातोय आणि गाडी काही शहराबाहेर पडत नाही. मधेमधे शहराचा इतिहास सांगतो, स्वतःच्या घरातले लहानपणचे प्रसंग नट घेऊन परत घडवून आणतो, आईचं काम ॲन सॅव्हेज नावाच्या जुन्या हॉलिवूडच्या नटीने केलंय. आणि तो काय खरं बोलतोय काय फेकतोय याचा पत्ता लागत नाही. रेसकोर्सच्या तबेल्याला आग लागते, घोडे नदीत शिरतात, नदी गोठते आणि हिवाळाभर बर्फातून घोड्यांची मुंडकी वर, त्यांच्यामधून प्रेमी जोडपी फिरायला येतात. हे तुम्ही हसून सोडून देता. मग तो सांगतो की दुसऱ्या महायुद्धात एक दिवस शहरावर खोटाखोटा नाझी हल्ला करवला होता, लोकांनी युद्धाचे रोखे घ्यावेत म्हणून, नाझी गणवेश घातलेले सैनिक रस्त्यावर, शहराचं नावसुद्धा बदललं. तुम्ही म्हणता ही अजून एक थाप. पण ते खरं आहे, १९ फेब्रुवारी १९४२ ला खरंच झालं होतं ते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे रेल्वे चालणार नाही. कोकण रेल्वेचं राजापूर रोड स्टेशन शहरापासून इतकं लांब की गाडीने गाव सोडलं म्हणायला आधी गाव सोडून स्टेशनला जावं लागतं. त्यामुळे एसटी. वस्तीची गाडी. रात्री शेवटची सुटलेली बस, हा खिडकीत बसलाय, बस घाटी चढते, वळणं घेते, कंडक्टर ओरडतो “चला उतरा, आलं,” आणि हा उतरतो तर राजापूर स्टँड. परत चढतो. परत राजापूर. हे कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही, कारण याला आपल्याकडे चकवा म्हणतात. रात्री सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, येताना माणसाला चकवा लागतो, चालतोय चालतोय आणि परत त्याच झाडापाशी, मग शहाणा माणूस उजाडेपर्यंत बसून राहतो. कॅनडावाल्याला शहर झोपेत चालतं वगैरे रचावं लागलं, आम्हाला आयतं मिळालं. कल्पना ढापली का, तर हो, साचा ढापला, डायरेक्टर स्वतः सगळ्यांना सांगतो.

बसचा कंडक्टर म्हणजे त्याचे वडील. पण फोटोतल्यासारखा दिसणारा नट शोधायचा नाही असं ठरलं. आमच्याकडे नमन असतं, म्हणजे कोकणातलं लोकनाट्य, त्यात संकासूर नावाचं सोंग येतं, काळा अंगरखा, कमरेला घुंगरं, डोक्यावर उंच टोकदार टोपी. नमनात कित्येक वर्षं संकासूर करणारे एक काका होते, त्यांना खाकी शर्ट घातला आणि टोपी तशीच ठेवली. टोपी बसच्या छताला लागायची म्हणून ते पूर्ण रात्र वाकून चालत होते, एका हातात तिकिटांचा ट्रे, आणि प्रत्येक पावलाला घुंगरू. बस प्रासंगिक करारावर मिळते का बघितलं होतं पण रात्रीचं शूटिंग म्हटल्यावर ते गुंतागुंतीचं दिसलं, शेवटी एका टूरवाल्याची भंगारला निघालेली गाडी लाल रंगवली. माझं काम होतं पंचचा आवाज. आता सगळीकडे मशीनची तिकिटं, तो जुना पंच दांडीवर टकटक वाजवत कंडक्टर यायचा तो आवाज कुठे मिळणार. वडिलांच्या ट्रंकेत त्यांचा पंच निघाला, गंजलेला, आईने खोबरेल तेल घालून रात्रभर ठेवला आणि सकाळी टक्कन चालला. फिल्ममध्ये ऐकू येतो तो तोच पंच आहे. तिकिटावर छापलेलं, राजापूर ते राजापूर.

व्हॉइसओव्हर गाऱ्हाण्याच्या चालीत. देवळात गाऱ्हाणं घालतात तसं एकजण सांगणार आणि बाकीचे “व्हय म्हाराजा” म्हणणार. ही आयडिया माझी होती, सांगून टाकतो. तिच्यातला फायदा शूटिंगच्या वेळी कळला नव्हता, नंतर कळला, तो खाली येतोच.

आईसाठीही नटी घ्यायची होती. आई म्हणाली, “कशाला परकी बाई आणतोस, माझ्या घरात माझी भांडी कुठे असतात ते तिला काय ठाऊक, मीच करते.” आणि तिने केलं. कॅमेरा बिमेरा काही नाही तिला, फक्त प्रत्येक टेकला चूल खरंच पेटवायची आणि “एवढा भात फुकट कशाला” म्हणून प्रत्येक टेकचा भात आम्हाला खायला लावायची.

आता भांडणाचा सीन. डायरेक्टरचे काका गिरणीत होते, लालबागला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. कोकणातली घरंच्या घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायची, ती आटली आणि माणसं गावी परत यायला लागली. काकाही आले, त्या वर्षीच्या पावसात. डायरेक्टर तेव्हा आठ वर्षांचा. फिल्ममध्ये काय दाखवलंय तर काका पूर्ण पावसाळा माळ्यावर राहिले, लाजेने खाली आलेच नाहीत, त्यांचं जेवण दोरीला टोपली बांधून वर चढवलं जायचं, आणि उन्हाळे गावची गंगा, म्हणजे जमिनीतून अधूनमधून प्रकट होणारं पाणी, आली तेव्हा ते पहिल्यांदा खाली उतरले. टोपली वर जातेय, खाली आई दोर ओढतेय, वरून फक्त एक हात येतो आणि टोपली घेतो. सीन म्हणून अप्रतिम आहे. काका हयात नाहीत. काकी आहे, दोन मुलगे आहेत, मोठा डोंबिवलीला, धाकटा गावात.

फिल्ममध्ये खऱ्या गोष्टी पण भरपूर आहेत. एक इंग्रजांची. राजापूरला इंग्रजांची वखार १६४९ पासून होती. १६६० ला सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा इथला वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेला आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर गोळे टाकले, धंदेवाले म्हणवणारे हे लोक. शिवाजी महाराजांनी १६६१ ला राजापुरावर येऊन वखार लुटली आणि इंग्रजांना धरून नेलं, ते सुटले १६६३ ला. फिल्ममध्ये हे इंग्रज त्याच वस्तीच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेत, “सुट्टे द्या,” असं कंडक्टर त्यांना म्हणतो. दुसरी गंगेची, उन्हाळ्याची, म्हणजे उन्हाळे नावाच्या गावची, चौदा कुंडं, साधारण तीन वर्षांनी पाणी प्रकट होतं, काही महिने राहतं आणि जातं, अलीकडे वेळापत्रक बिघडलंय तिचं. भूगर्भातल्या वाकड्या नळीचा सायफन असावा असं एक स्पष्टीकरण आहे, ते फिल्ममध्ये संकासूर बसमध्ये पिण्याच्या पाण्याची नळी आणि कळशी घेऊन करून दाखवतो, तो सीन पोरांना फार आवडला. तिसरी गोष्ट देवाचे गोठणेच्या सड्यावरची. तिथे कातळात कोरलेली माणसाची आकृती आहे, कोकणातल्या ज्या कातळशिल्पांची नावं २०२२ ला युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली त्यातलं हे एक ठिकाण, आणि तिथे होकायंत्र ठेवलं तर सुई भलतीकडे वळते. फिल्ममध्ये ड्रायव्हर वाट विचारायला खाली उतरतो, त्या आकृतीवर होकायंत्र ठेवतो, सुई फिरते, तो मान हलवतो आणि म्हणतो, राजापूरच.

दाखवली गणपतीत, गौरी-विसर्जन झाल्यावर, चाकरमानी अजून परतले नव्हते तेव्हा, एका हॉलमध्ये. मधे लाईट गेली, इन्व्हर्टरवर निभावलं. बस सुटत नाही याला लोक जोरात हसत होते, चौथ्यांदा राजापूर स्टँड आल्यावर मागून कुणीतरी “अरे डेपो मॅनेजरला फोन लाव” म्हणून ओरडला. संकासुराच्या टोपीत मेलेला बाप दाखवलाय याचं कुणालाच काही वाटलं नाही, उलट वडिलांच्या जुन्या ड्रायव्हरने डोळे पुसले. मग चहाला उभे असताना ऐकलं ते असं. एक रिटायर्ड मास्तर, “इंग्रजांचं सगळं छान रचलंस हो, गोळे काय, निशाण काय.” डायरेक्टर म्हणतो अहो गुरुजी ते खरंय. मास्तर खांद्यावर थोपटून गेले. होकायंत्राचं तर कुणी मानायलाच तयार नाही, “कॉम्प्युटरवर फिरवलंय,” आणि हे म्हणणाऱ्यातले दोघे त्या सड्यापासून गाडीने जाता येईल एवढ्या अंतरावर राहणारे. आणि टोपलीबद्दल? टोपलीबद्दल प्रत्येकजण येऊन सांगत होता, हो रे, आठवतं, बिचारा तुझा काका. दोन बायकांनी तर टोपली स्वतः बघितल्याचं सांगितलं. टोपली होती म्हणून त्या शपथ घ्यायला तयार.

मोठा चुलतभाऊ हॉलच्या बाहेर उभा होता, रागाने लाल. “माझा बाप बायकांसारखा घरात लपून बसला होता असं गावभर दाखवलंस तू. बाबा पंधरा दिवस राहिले माळ्यावर, कारण खाली पाणी शिरलं होतं, आणि रोज खाली येऊन चौकात चहा प्यायचे, नंतर सुतारकामाला गेले. विचार काकीला.” डायरेक्टर म्हणाला, “दादा, मी बघितलंय रे, टोपली वर जाताना.” धाकटा मधे पडला म्हणून बरं, नाहीतर हातघाईवर आलं असतं.

काकीला म्हणजे डायरेक्टरच्या आईला विचारलं. तिने जे सांगितलं त्यावर हे पूर्ण प्रकरण उभं आहे असं मला वाटतं. ती म्हणाली, “टोपली होती की. आमसुलं होती तिच्यात. पाणी चढायला लागलं म्हणून खालचं सगळं वर चढवलं, आमसुलं, तांदूळ, चुलीची सुकी लाकडं. भाऊजी वरून घ्यायचे.” म्हणजे हात खरा, टोपली खरी, दोर खरा. आठ वर्षांच्या पोराने खालून जे बघितलं ते बरोबरच बघितलं, अर्थ त्याने पुढच्या चाळीस वर्षांत लावला. मी म्हटलं मग सीन करताना का नाही सांगितलंत, तर म्हणाली, “मला वाटलं सिनेमात असं करतात.”

आता माझं म्हणणं. डायरेक्टर सुरुवातीला एकच वाक्य धरून बसला होता, की ही माझी आठवण आहे, ही पर्सनल फिल्म आहे, मी कुठे म्हटलं हा इतिहास आहे. मला हे तोकडं वाटतं. बस सुटत नाही हे खोटं आहे हे हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळे त्या खोट्याने कुणाचं वाकडं होत नाही आणि त्यातलं खरं, म्हणजे गाव सुटत नाही, ते सरळ पोचतं. टोपलीचं खोटं मात्र गावातल्या गप्पांच्या मापाचं आहे. संपात परत आलेल्या माणसाबद्दल गाव तसंही असंच काहीतरी बोलत होतं, फिल्मने त्याला फक्त चित्र दिलं. म्हणून दोन बायकांना आठवलं सुद्धा. इंग्रजांचे गोळे आणि होकायंत्राची सुई गप्पांच्या मापाच्या नाहीत, म्हणून खऱ्या असूनही थापा ठरल्या.

विनिपेगच्या फिल्मचं इथे नीट बघायला पाहिजे. ती बघणाऱ्या जगातल्या बहुतेक लोकांना विनिपेग कुठे आहे हेही सांगता येणार नाही, त्यांना घोडे काय आणि नाझी काय, दोन्ही सारखेच. ती गंमत तिथे चालते. राजापुरात हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाकडे त्या प्रसंगाचं स्वतःचं व्हर्जन आहे, आणि कुणाचातरी तो बाप आहे. फेस्टिवलच्या प्रेक्षकासाठी केलेली लबाडी गावात नेली की तिला नातेवाईक फुटतात. आणि अजून एक, मॅडिनने आईसाठी नटी घेतली, म्हणजे पडद्यावर दिसतंच की हे रचलेलं आहे. आमच्याकडे खरी आई, खऱ्या चुलीपुढे, खऱ्या माळ्याखाली खरा दोर ओढतेय. बाकी पूर्ण फिल्मभर टोप्या आणि घुंगरं लावून आम्ही प्रेक्षकाला सांगत होतो की हे सोंग आहे, आणि नेमक्या या एका सीनला सोंगाची एकही खूण नव्हती. सीन इतका सुंदर होण्याचं कारणही तेच, हे डायरेक्टरचं म्हणणं मला खोडता येत नाही.

उपाय तीन चर्चेत होते. सीन काढणे, डायरेक्टर तयार नव्हता. सुरुवातीला पाटी टाकणे की यातले प्रसंग काल्पनिक, ती कुणी वाचत नाही आणि मग इंग्रजही काल्पनिक ठरतात. तिसरा उपाय धाकट्या चुलतभावाने काढला, फार शिकलेला नाही, बोटीवर असतो, पण डोकं चालतं. म्हणाला, मला उभा कर तिथे, मी सांगतो खोटं आहे म्हणून. तसंच केलं. आता टोपली वर जाते, हात येतो, आणि खाली हा धाकटा येऊन उभा राहतो, बर्म्युडा आणि बनियनवर, कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, “ह्यात आमसुलं होती. बाबा खाली चहाला जायचे.” गाऱ्हाणं घालणारा क्षणभर थांबतो आणि बाकीचे म्हणतात “व्हय म्हाराजा.” गाऱ्हाण्यात कुणी काही जोडलं तर त्यालाही व्हय म्हाराजाच म्हणतात, त्यामुळे ते चिकटवल्यासारखं वाटत नाही. मग टोपली खाली येते आणि आई तिच्यातून आमसुलं काढून ताटात पसरते. मला विचाराल तर सीन आधीपेक्षा चांगला झालाय, डायरेक्टरला विचाराल तर तो अजूनही म्हणतो आधीचा जास्त दुखायचा.

इंग्रजांचं आणि होकायंत्राचं काय करायचं यावर मात्र काही सुचलेलं नाही. मी म्हटलं मास्तरांनाच गाडीतून सड्यावर नेऊ आणि त्यांच्या हातात होकायंत्र देऊन शूट करू. मास्तर हो म्हणालेत, गुडघे बरे झाल्यावर.

मोठा भाऊ नवा कट बघायला आला नाही. त्याचं एकच म्हणणं, जुना कट हार्डडिस्कवरून काढून टाक, माझ्यासमोर. त्याच्या आईने, म्हणजे डायरेक्टरच्या काकीने, यावर तोंड उघडलेलं नाही. जुना कट दोन ठिकाणी आहे, एक डायरेक्टरकडे आणि एक माझ्याकडे, बॅकअप म्हणून. माझं मत पुसून टाकावा असं आहे आणि मी ते डायरेक्टरला सांगितलंय, कारण उद्या कुणी त्यातला तेवढाच तुकडा व्हॉट्सॲपवर फिरवला तर धाकटा तिथे उभा नसणार. तो म्हणतो थांब, मास्तरांचं शूट होऊ दे, मग पूर्ण फिल्मच परत लावायची आहे. माझ्याकडची कॉपी मी गेल्या आठवड्यात पुसली, त्याला अजून सांगितलेलं नाही, हे वाचून कळेल.